पुडी, बाटली आणि कायदा

वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल शहराच्या उत्तरेस, सॅमॅमिश नदीच्या काठी बॉथेल नावाचे एक टुमदार नगर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे घनदाट अरण्य होते आणि लाकूडतोड हाच तेथील लोकांचा मुख्य व्यवसाय होता. १९०९ साली गावास नगराचा दर्जा मिळाला. आज त्याच भूमीवर, विशेषतः कॅनियन पार्क या भागात, औषधसंशोधनाच्या कंपन्या थाटल्या गेल्या आहेत. हिंदू कुटुंबांना बॉथेलचे नाव परिचित असते ते तेथील मंदिरामुळे व सांस्कृतिक केंद्रामुळे. तथापि या नगराची आणखी एक ओळख आहे, आणि ती देवळात जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे सिअ‍ॅटल विभागाचे कार्यालय आणि वायव्य प्रदेशाची प्रयोगशाळा ही दोन्ही अनेक वर्षे याच बॉथेलमध्ये होती. वॉशिंग्टन, ऑरेगॉन, आयडाहो, मॉन्टाना आणि अलास्का या पाच राज्यांतील खाद्यपदार्थांवर व औषधांवर देखरेख ठेवण्याचे काम या विभागाकडे असे. बंदरात उतरलेल्या मालाचे नमुने तपासणे, कारखान्यांची पाहणी करणे आणि दोष आढळल्यास कारखानदारास इशारापत्र धाडणे, हा त्या कार्यालयाचा नित्यक्रम होता.

योगायोग असा की, बॉथेलच्या शेजारीच केनमोर नावाचे गाव आहे, आणि तेथील एका जुन्या ख्रिस्ती धर्मविद्यालयाच्या वास्तूत १९९६ साली बॅस्टिर विद्यापीठ येऊन स्थिरावले. निसर्गोपचाराचे शिक्षण देण्यासाठी १९७८ साली सिअ‍ॅटलमध्ये स्थापन झालेली ही संस्था. म्हणजे वनस्पती, जीवनसत्त्वे व पथ्यापथ्य यांवर श्रद्धा ठेवून शिकविणारे विद्यापीठ एकीकडे, आणि बाटलीवर छापलेल्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहणारे सरकारी कार्यालय दुसरीकडे; दोहोंत अंतर अवघ्या काही मैलांचे. गेल्या शंभर वर्षांत आहारपूरक पदार्थांच्या संबंधात अमेरिकेत जो मोठा वाद झाला, त्याच्या दोन्ही बाजू या एवढ्याशा टापूत समोरासमोर उभ्या राहिल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आहारपूरक म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. नेहमीच्या जेवणाखेरीज गोळी, कॅप्सूल, पूड किंवा अर्क या रूपाने जे पोटात घेतले जाते, मग ते जीवनसत्त्व असो, खनिज असो, वनस्पतीचे मूळ असो की माशाचे तेल असो, ते सर्व या नावाखाली येते. ‘न्यूट्रास्युटिकल’ हा त्याचा थोरला भाऊ. पोषण आणि औषध या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची सांगड घालून स्टीफन डीफेलिस या अमेरिकन वैद्याने १९८९ साली तो घडविला. गंमत अशी की अमेरिकेच्या कायद्याने हा शब्द कधी मान्यच केला नाही. भारताने मात्र २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या बाविसाव्या कलमात त्यास स्थान दिले. शब्द अमेरिकेचा आणि कायदेशीर आसरा हिंदुस्थानात, अशी ही त्याची कुंडली आहे.

या विषयाशी करारबद्ध मजुरांच्या वंशजांचा काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून निकटचा आहे. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतून जे मराठी लोक मॉरिशसला गेले, तसेच बिहारमधून व तामिळ देशातून जे गेले, त्यांच्या जेवणाचा निर्णय त्यांच्या हाती राहिला नव्हता. जहाजावरील शिधा सरकारी कोष्टकाने ठरलेला असे. त्यात तांदूळ, डाळ, तूप, मीठ यांबरोबर हळदीचीही नोंद असे. मळ्यावर पोहोचल्यावर मळेवाल्याच्या कोठारातून जे मापून मिळेल ते शिजवावयाचे. स्वतःच्या घरी असताना कोकणातली बाई तांदूळ निवडून घेत असे, तेल घाण्यावरून समक्ष आणवीत असे. समुद्र ओलांडल्यावर धान्य कोणी पिकविले, तेल कोणी गाळले, वाटेत त्यात कोणी काय मिसळले, हे तिला कळण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. आजच्या बाटलीबंद गोळीचा ग्राहक नेमका याच अवस्थेत असतो.

त्या अवस्थेची किंमत मॉरिशसने १८७८ आणि १८७९ साली मोजली. १८७८ च्या अखेरीस हिंदी मजुरांत एक विचित्र आजार पसरला. पाय सुजत, रक्त कमी होई, धाप लागे, अंगास ताप येई. कित्येकांचे हृदय थकून प्राण जात. आदल्याच वर्षी कलकत्त्यास असाच विकार दिसून आला होता. तत्कालीन डॉक्टरांनी त्यास पांडुरोगयुक्त जलोदर अशा अर्थाचे नाव दिले आणि तो संसर्गजन्य असावा असा तर्क केला. सत्य बाहेर यावयास पुढे अर्धे शतक लागले. १९२० व १९३० च्या दशकांत कलकत्त्याच्या संशोधकांनी दाखवून दिले की, मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले म्हणजे हा रोग उद्भवतो. पिवळा धोत्रा हे शेतात आपोआप उगवणारे काटेरी तण. त्याचे बी दिसावयास मोहरीसारखे असते, आणि त्यातील सँग्विनरीन नावाचे विष रक्तवाहिन्यांवर घाला घालते. मॉरिशसच्या साथीचे मूळही अशाच भेसळीत असावे असे आता मानले जाते. ज्यांनी ते तेल खाल्ले त्यांनी चूक काहीच केली नव्हती. शिध्यात आले ते त्यांनी खाल्ले. हीच भेसळ १९९८ साली दिल्लीत पुन्हा घडली आणि सुमारे साठ माणसे दगावली, यावरून जुन्या पापांची मुळे किती खोल असतात ते दिसते.

मजुरांच्या शिध्याचे दुसरे अंग म्हणजे सडलेला पांढरा तांदूळ. बेरीबेरी हा रोग पूर्वेकडील सैन्यांत, तुरुंगांत आणि मजुरांच्या वस्त्यांत शेकडो बळी घेत असे. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टराने कोंबड्यांना असा पांढरा तांदूळ खाऊ घातला तेव्हा त्यांना तशाच स्वरूपाचा रोग झाला, आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे हे त्यातून उमगले. १९१२ साली काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटामाइन’ हे नाव दिले. मराठीत त्याचेच जीवनसत्त्व झाले. १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३६ साली बेरीबेरी बरे करणारे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. आज बाटलीच्या झाकणाखाली चकाकणाऱ्या गोळीचे कूळ शोधीत गेले तर ते असे आशियातील गरिबांच्या भातापाशी पोहोचते. गोळीचा जन्म लबाडीतून झालेला नाही. उपासमारीच्या खऱ्या औषधातून झालेला आहे. म्हणूनच तिच्यावर लोकांचा विश्वास बसला, आणि म्हणूनच त्या विश्वासाचा व्यापार करणे सोपे गेले.

अमेरिकेत अन्न व औषधांसंबंधीचा पहिला मोठा संघराज्यीय कायदा १९०६ साली झाला. त्याआधी दारू आणि अफू घातलेली गुप्त कृतीची औषधे बिनदिक्कत विकली जात. सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ सालापासून धडधाकट तरुणांना टिकाऊपणासाठी अन्नात घातली जाणारी रसायने मुद्दाम खाऊ घालून त्यांचे परिणाम नोंदविले. वर्तमानपत्रांनी त्या तरुणांना ‘विषपथक’ म्हटले. पण १९०६ च्या कायद्यात एक मोठी उणीव होती. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची सक्ती त्यात नव्हती. १९३७ साली एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध विषारी द्रवात विरघळवून गोड पेय म्हणून बाजारात आणले आणि शंभराहून अधिक माणसे, त्यात कित्येक मुले, मरण पावली. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला: औषध आधी निर्धोक ठरवा, मग विका. १९६२ साली थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर त्यात भर पडली: औषध गुणकारी आहे हेही आधी सिद्ध करा. अमेरिकेचे कायदे बहुधा असे प्रेतांच्या मागून चालत आले आहेत. इतर देशांचे त्याहून पुढे चालले, असेही म्हणता येत नाही.

अन्न आणि औषध यांच्या या दोन खणांत जीवनसत्त्वाची गोळी कोठे ठेवावयाची, हा खरा पेच होता. प्रशासनाचे म्हणणे असे की, अवाजवी मात्रेची गोळी म्हणजे औषधच, आणि तिला औषधाचेच नियम लागू व्हावेत. १९७३ साली त्याप्रमाणे नियम जाहीर झाले. विकणारे आणि घेणारे दोघेही खवळले. सरकार आमच्या जेवणाच्या ताटात हात घालते, असा त्यांचा आक्रोश होता. काँग्रेस सभासदांकडे पत्रांचा पाऊस पडला, आणि १९७६ साली विस्कॉन्सिनचे सेनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या पुढाकाराने अशी दुरुस्ती संमत झाली की, केवळ मात्रा मोठी आहे एवढ्यावरून प्रशासनाने जीवनसत्त्वास औषध ठरवू नये. प्रशासनाचा हा पहिला मोठा पराभव होय.

१९८९ च्या शरद ऋतूत परिस्थिती पालटेल असे वाटले. झोप यावी म्हणून एल-ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल पुष्कळ लोक घेत असत. ते घेणाऱ्यांत एकाएकी स्नायूंच्या असह्य वेदना आणि रक्तातील एका जातीच्या पेशींची विलक्षण वाढ दिसू लागली. १५०० हून अधिक लोक आजारी पडले, निदान ३७ मरण पावले. तपासाचा माग एका जपानी कारखान्याच्या मालापर्यंत गेला. तेथे उत्पादनाची पद्धत बदलण्यात आली होती. पदार्थ ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जात होता, आणि दोष त्या पदार्थापेक्षा तो तयार करण्याच्या रीतीत असल्याचे दिसत होते. मोहरीच्या तेलाची हकिगत ज्यांच्या ध्यानात असेल त्यांना हे वळण ओळखीचे वाटेल.

परंतु लोकमत उलट दिशेस वळले, आणि त्यास कारण झाली ती बॉथेलपासून दूर नसलेल्या एका गावातील घटना. ६ मे १९९२ रोजी सिअ‍ॅटलच्या दक्षिणेस केंट गावी टाहोमा क्लिनिक या दवाखान्यावर प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी पोलिसांसह छापा घातला. पिस्तुले रोखलेली होती. तेथे टोचली जाणारी ब-जीवनसत्त्वाची इंजेक्शने हा चौकशीच्या विषयांपैकी एक होता. छाप्याची बातमी देशभर गेली आणि तिला ‘जीवनसत्त्वांचा छापा’ असे नावच पडले. पुढील वर्षी मेल गिब्सन या प्रसिद्ध नटास घेऊन एक जाहिरात निघाली. तीत सशस्त्र अधिकारी रात्री घरात घुसून त्याच्याकडील जीवनसत्त्व ‘क’ची बाटली हिसकावतात असे दाखविले होते. कारवाईत कायद्याची बाजू कितीही असो, जीवनसत्त्वासाठी पिस्तूल काढणारे सरकार लोकांना हास्यास्पदही वाटले आणि भीतिदायकही. प्रशासनाने स्वतःच्या हाताने विरोधकांना एवढे मोठे शस्त्र दिले, हे मान्य केले पाहिजे.

त्याचे फळ म्हणजे १९९४ चा आहारपूरक आरोग्य व शिक्षण कायदा. युटाचे ऑरिन हॅच आणि आयोवाचे टॉम हार्किन हे त्याचे सेनेटमधील पुरस्कर्ते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २५ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यावर सही केली. या कायद्याने आहारपूरक हे अन्नाचा एक प्रकार ठरले. ते विकण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागत नाही. तो पदार्थ घातक आहे असे वाटल्यास ते सिद्ध करण्याचा भार प्रशासनावर आहे. १५ ऑक्टोबर १९९४ पूर्वी विकले जात असलेले घटक निर्वेधपणे चालू राहिले. नवा घटक असेल तर ७५ दिवस आधी सूचना द्यावयाची, एवढेच. ‘अमुक रोग बरा होतो’ असे छापता येत नाही. पण ‘सांध्यांच्या आरोग्यास साहाय्य करते’ असे छापता येते. फक्त त्याखाली, या विधानाची सरकारने पारख केलेली नाही, अशी बारीक अक्षरांतील कबुली द्यावी लागते. ‘बरा करते’ आणि ‘साहाय्य करते’ यांतील भेद वकिलास कळतो. दुकानात चष्मा न घेता गेलेल्या आजीस कळतो की नाही, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

कायदा झाला तेव्हा बाजारात सुमारे ४००० आहारपूरके होती आणि उलाढाल ४ अब्ज डॉलरांच्या घरात होती. २०१९ साली प्रशासनाच्याच प्रमुखांनी सांगितलेले आकडे ५०,००० ते ८०,००० किंवा त्याहून अधिक पदार्थ आणि ४० अब्ज डॉलरांवर व्यापार असे होते. एवढ्या वाढीबरोबर संकटेही आली. मा-हुआंग या चिनी वनस्पतीतील एफेड्रा वजन उतरविण्यासाठी विकला जाई. त्यापासून हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके आल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत होत्या. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोरच्या बेसबॉल संघाचा स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा खेळाडू उष्माघाताने मरण पावला. त्याने एफेड्रायुक्त पूरक घेतले होते. तेव्हा कोठे २००४ साली बंदी आली. १९९४ च्या कायद्याखालील ही पहिली बंदी. तिलाही न्यायालयात आव्हान मिळाले आणि २००६ साली वरिष्ठ न्यायालयाने ती उचलून धरली. त्याच वर्षी कारखानदारांवर असे बंधन आले की, गंभीर दुष्परिणामाची तक्रार आल्यास कामाच्या १५ दिवसांत ती सरकारला कळवावी. २००७ साली उत्पादनाच्या स्वच्छतेचे व अचूकतेचे नियमही ठरले. बाटलीवर लिहिलेले द्रव्य बाटलीत खरोखर आहे की नाही, हे कारखानदाराने स्वतः तपासावे, असे हे नियम सांगतात. बॉथेलसारख्या कार्यालयांना या नियमांमुळे हातात धरावयास एक काठी मिळाली. पदार्थ गुणकारी नाही असे म्हणण्याऐवजी, कच्चा माल तपासलेला नाही, नोंदी ठेवलेल्या नाहीत, लेबलावर रोगाचे नाव घातलेले आहे, असे दोष दाखविणारी इशारापत्रे धाडता येऊ लागली.

हा सर्व इतिहास परका वाटू नये म्हणून हळदीचे उदाहरण पाहणे उचित होईल. महाराष्ट्रात सांगली ही हळदीची मोठी पेठ. जवळच कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीखालील पेवांत हळद साठवीत. २००५ च्या महापुरानंतर त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. घरात हळद आमटीत पडते, जखमेवर लागते, नवरदेवास व नवरीस चढते, सुवासिनींच्या कपाळी कुंकवाच्या जोडीने मिरविते. अशा हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी जन्मलेल्या या मराठी शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली परिषदेने १९९६ साली त्या पेटंटास आव्हान दिले. पुराव्यादाखल ३२ आधार सादर केले गेले. त्यांत प्राचीन संस्कृत ग्रंथ होता आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीबाईच्या बटव्यातील ज्ञान अमेरिकेच्या कचेरीत कागदावर सिद्ध करून घेण्याचा हा प्रसंग महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या लोकांना अभिमानाचा वाटला, आणि तो तसा होताच. अशा ज्ञानाची नोंद करणारे अंकीय ग्रंथालय भारताने २००१ पासून उभारावयास घेतले.

अभिमानाच्या भरात एक गोष्ट मात्र झाकली गेली. हळदीवर कोणाची मालकी नाही हे ठरले. पण हळदीच्या नावाने बाटलीत काय विकावे, यावर त्या निकालाने काहीच बंधन आले नाही. हळदीतील करक्यूमिन हे द्रव्य शंभरात दोन ते पाच भाग असते. कॅप्सूलमध्ये ते ९५ भागांपर्यंत घट्ट केलेले असते. शिवाय ते अंगी लागत नाही म्हणून त्यात मिरीतील पायपरीन मिसळतात; १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले की त्यामुळे रक्तात पोहोचणारे करक्यूमिन वीसपट वाढते. आमटीतील चिमूट आणि ही कॅप्सूल यांचे नाव एक, पण वस्तू दोन आहेत. औषधांनी होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन वैद्यांच्या एका मंडळास २०११ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरकांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण आढळले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. दहांपैकी सातांच्या अंगी एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. म्हणजे ज्यांची प्रकृती त्यास अनुकूल त्यांनाच ही बाधा होते, असे दिसते. हजारो लोक ती कॅप्सूल घेतात आणि त्यांना काही होत नाही, हेही तितकेच खरे. परंतु आपण त्या दहांत आहोत की हजारांत, हे घेणाऱ्यास आधी कळत नाही.

दुसरे संकट शिशाचे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा, शिसे व सोमल यांचे शोधन-मारण करून भस्मे करण्याची परंपरा आहे, आणि ती वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाची असतात. महाराष्ट्रात पनवेलच्या धूतपापेश्वरासारखे कारखाने १८७२ पासून आयुर्वेदीय औषधे तयार करीत आले. ही औषधे पुढे परदेशी किराणा दुकानांच्या फळीवर वैद्यावाचून मिळू लागली. २००४ साली बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय पदार्थांपैकी १४ पदार्थांत शिसे, पारा किंवा सोमल घातक प्रमाणात निघाले. २००८ साली मागविलेल्या १९३ पदार्थांतही जवळजवळ पंचमांशात तेच दिसले, आणि त्यांत अमेरिकेत तयार झालेले पदार्थही होते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे विष आढळले. त्या भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेत होत्या. कोणी माहेरून पाठविलेली प्रेमाची पुडी पोटातील बाळास विष ठरावी, याहून करुण गोष्ट कोणती? अशा वेळी टीकाकारांवर आयुर्वेदाच्या द्वेषाचा आरोप करणे सोपे असते. त्याने त्या सहा आयांच्या रक्तातले शिसे उतरत नाही.

भारत सरकारने २००५ साली आदेश काढला आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांची शिसे, पारा, सोमल व कॅडमियम यांसाठी तपासणी सक्तीची केली. तत्पूर्वी १९५४ साली चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा झाला होता, आणि १९६४ साली आयुर्वेदीय औषधे १९४० च्या औषध कायद्याखाली आणली गेली होती. न्यूट्रास्युटिकल व तत्सम पदार्थांचे सविस्तर नियम २०१६ साली निघाले व २०१८ च्या आरंभापासून लागू झाले; त्यांत कोणती द्रव्ये, कोणत्या प्रमाणात, याच्या याद्या आहेत. मॉरिशसनेही १९८९ सालीच कायदा करून आयुर्वेदास मान्यता दिली. आजीच्या काढ्यास त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, पण फळीवरच्या बाटलीस तपासणी लागतेच.

शिशाचा मार्ग केवळ औषधांतून नव्हता. २०१६ साली अमेरिकेत अनेक नावांची हळदपूड शिसे निघाल्याने बाजारातून परत घेण्यात आली. कारण पुढे बांगलादेशात स्पष्ट झाले. तेथे हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळीत असत. १८७८ सालच्या तेलात धोत्रा गेला, तसाच येथे रंग गेला. दोन्ही ठिकाणी शेतकरी, व्यापारी आणि खाणारा यांच्यामध्ये कोणी पाहणारे नव्हते. २०१९ साली ही गोष्ट उघडकीस आल्यावर बांगलादेशच्या सरकारने बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांतून व भित्तिपत्रकांतून लोकांना सावध केले. २०१९ साली तपासलेल्या बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले होते. २०२१ साली एकातही सापडले नाही. हळद काम करणाऱ्या गिरणी कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले. एका गरीब देशाने दोन वर्षांत हे केले.

अमेरिकेत मात्र कोणते आहारपूरक कोण तयार करतो, याची सरकारकडे संपूर्ण यादी असावी एवढी साधी तरतूदही अद्याप झालेली नाही. इलिनॉयचे रिचर्ड डर्बिन व इंडियानाचे माइक ब्रॉन या दोन विरुद्ध पक्षांच्या सेनेटरांनी २०२२ साली अशा नोंदणीचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. नोंदणी झाली की उद्या मंजुरीही मागतील, असे विरोधकांचे म्हणणे होते, आणि १९९२ च्या छाप्याची आठवण त्यांच्या हाताशी होतीच. म्हणून बाजारातील बाटल्यांची संख्या सांगताना प्रशासनाला ५०,००० ते ८०,००० किंवा अधिक, असे अंदाजाने बोलावे लागते. ज्या बाटल्या मोजलेल्या नाहीत त्या एकेक करून तपासण्याचे काम बॉथेलसारख्या प्रयोगशाळांतील मूठभर माणसांच्या वाट्याला येते.